बिझनेस हॉटेलमधील मुक्काम कसा असतो? पहिल्यांदा जाणाऱ्याने काय सांभाळावे?

तुमची कंपनी तुम्हाला पहिल्यांदाच चार रात्रींसाठी परगावी पाठवत आहे, पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटेल, दुसऱ्या दिवशी सकाळीच महत्त्वाची बैठक आहे आणि अशा हॉटेलातला अनुभव सहलीच्या मुक्कामापेक्षा वेगळा असतो का, असे तुम्ही विचारले आहे. मी छपाईची यंत्रे बसवून ती चालू करून देण्याचे काम करतो. गेली १३ वर्षे दरवर्षी साधारण १०० रात्री मी बिझनेस हॉटेलांत काढतो. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते बहुतांशी ठेचा खाऊन शिकलेले आहे.

अनुभव वेगळा असतो, आणि तो तसा असावा म्हणूनच ही हॉटेले बांधलेली असतात. मॅरियट कंपनीने १९८३ साली अमेरिकेत 'कोर्टयार्ड' ही हॉटेलमालिका सुरू केली, तिची जन्मकथा मला या बाबतीत फार बोलकी वाटते. पहिले हॉटेल उभे राहण्याआधी कंपनीने प्रवाशांची रीतसर पाहणी केली. इमारतीच्या रूपापासून खोलीतल्या सोयींपर्यंत सुमारे ५० घटक घेऊन, यांपैकी कशासाठी माणूस जास्त पैसे मोजील आणि कशावर खुशाल पाणी सोडील, याचे गणित मांडले. त्यातून निघालेल्या आराखड्यात दिखाऊ लॉबीला, मोठमोठ्या सभागृहांना आणि सामान उचलायला धावणाऱ्या माणसांना कात्री लागली. खोली मात्र चांगली राहिली. एकटा येणारा, उशिरा पोहोचणारा, सकाळी लवकर बाहेर पडणारा आणि पावती जपून ठेवणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून जुळवलेली ही यंत्रणा आहे. तिचे वेळापत्रक आणि तिचा हिशेब समजून घेतला की मुक्काम सुखाचा होतो. न समजता गेल्यास, कर्मचारी कितीही विनयशील असले तरी, रात्री दीड वाजता आपण बॅग घेऊन उभे असतो आणि खोली नसते.

हे उदाहरण काल्पनिक नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझे विमान पाच तास उशिरा सुटले आणि मी हॉटेलात पोहोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. स्वागतकक्षातल्या तरुणाने संगणकात बराच वेळ शोधाशोध केली आणि अतिशय ओशाळून सांगितले, "सर, आमच्या हिशेबात तुमचा दिवस संपला." मी चिडलो, आवाजही चढवला. आज त्याची लाज वाटते, कारण त्या मुलाच्या हातात काहीच नव्हते. त्याने शेवटी चार फोन करून मला जवळच्या दुसऱ्या हॉटेलात खोली मिळवून दिली आणि गाडीही दिली. पहाटे साडेतीनला मी अंथरुणाला पाठ टेकली आणि नऊ वाजता ग्राहकाच्या कारखान्यात यंत्रासमोर उभा राहिलो. त्या दिवशी मी बसवलेला एक रोलर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून बसवावा लागला, ही गोष्ट वेगळी.

त्या रात्री नेमके काय घडले, ते मला पुढे एका अनुभवी व्यवस्थापकाने समजावून सांगितले. हॉटेलचा दिवस रात्री बारा वाजता संपत नाही. रात्रपाळीचा कर्मचारी 'नाइट ऑडिट' करतो, म्हणजे दिवसभराचे सगळे व्यवहार ताडून पाहतो, प्रत्येक पाहुण्याच्या खात्यावर त्या रात्रीचे भाडे चढवतो आणि संगणकातली तारीख पुढे ढकलतो. हे काम साधारणपणे मध्यरात्रीनंतर एक-दोन तासांनी होते. तोवर जो आला नाही त्याच्या नावापुढे 'नो-शो' अशी नोंद पडते, एका रात्रीचे भाडे वसूल होते आणि काही ठिकाणी उरलेल्या रात्रींचे आरक्षणही आपोआप रद्द होते. त्यात भर म्हणजे, रिकामी गेलेली खोली दुसऱ्या दिवशी दोनदा विकता येत नाही. म्हणून काही पाहुणे येणारच नाहीत असे गृहीत धरून पुष्कळ हॉटेले असलेल्या खोल्यांपेक्षा थोडी जास्त आरक्षणे घेतात. हा अंदाज चुकला की सर्वांत उशिरा येणाऱ्याला दुसरीकडे पाठवले जाते. हॉटेलवाले आपसात याला पाहुण्याला 'वॉक' करणे म्हणतात. आणि सर्वांत उशिरा येणारा बहुधा आपल्यासारखा कामासाठी आलेलाच असतो.

तेव्हा तुम्ही निघण्याआधी हॉटेलला थेट फोन करावा आणि किती वाजेपर्यंत पोहोचाल ते सांगून आरक्षणावर तशी नोंद करून घ्यावी. ज्या संकेतस्थळावरून आरक्षण केले असेल तिथे लिहिलेला निरोप रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोहोचेलच याचा भरवसा नसतो. ज्याच्याशी बोलाल त्याचे नाव विचारून ठेवावे; वाद घालण्यासाठी नव्हे, तर रात्री "यांच्याशी बोलणे झाले आहे" एवढे म्हणता यावे म्हणून. विमानाला उशीर झाला तर पुन्हा एक फोन करावा. हे दोन फोन मी गेली अकरा वर्षे न चुकता करतो आणि तेव्हापासून माझी खोली एकदाही गेलेली नाही.

याच प्रकारातली आणखी एक चूक शहाणीसुरती माणसेही करतात. मंगळवारी पहाटे एक वाजता पोहोचणार असाल तर आरक्षण सोमवारच्या रात्रीचे हवे. माझ्या एका सहकाऱ्याने मंगळवारची तारीख टाकली आणि त्याला दुपारी दोनपर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर बसून राहावे लागले, कारण हॉटेलच्या लेखी त्याची खोली त्या दुपारपासून होती. तुमची पोहोचण्याची वेळ पाहता आरक्षणाची पहिली तारीख आजच तपासावी.

खोली कोणती मागावी, हा प्रश्न मला लॉबीच्या थाटमाटापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. बहुतेक पाहुणे मिळेल ते कार्ड घेऊन लिफ्टकडे चालू लागतात. वास्तविक पोहोचण्याच्या आदल्या दिवशी फोन केलात तर खोल्यांचे वाटप अजून व्हायचे असते आणि तुमची मागणी सहज मान्य होते. मध्यरात्री मात्र जी एखादी खोली शिल्लक असते ती घ्यावी लागते, आणि ती शिल्लक का राहिली हे आत गेल्यावर कळते. मी पाच गोष्टी सांगतो: लिफ्टपासून लांब, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला, बर्फाच्या यंत्राच्या किंवा हाउसकीपिंगच्या खोलीच्या शेजारी नको, सभागृहाच्या वर नको, आणि शेजारच्या खोलीत उघडणारे दार असलेली खोली नको. शेवटची अट लोकांना विचित्र वाटते. परंतु कुटुंबांच्या सोयीसाठी दोन खोल्यांमध्ये जे दार ठेवलेले असते ते भिंतीच्या तुलनेत फारच पातळ असते, आणि पलीकडचा माणूस फोनवर घरच्यांशी काय बोलतो आहे ते तुम्हाला इच्छा नसताना ऐकावे लागते.

आवाजाचे एक मूळ इमारतीच्या रचनेतच असते. एल्स्वर्थ स्टॅटलर यांनी १९०८ साली अमेरिकेतील बफेलो येथे जे हॉटेल उघडले, त्यात प्रत्येक खोलीला स्वतःचे स्नानगृह होते. त्या काळी एवढ्या मोठ्या हॉटेलात ही सोय नवलाची होती. ती परवडावी म्हणून त्यांनी शेजारच्या दोन खोल्यांची स्नानगृहे पाठीला पाठ लावून बांधली आणि दोहोंचे नळ एकाच उभ्या पोकळीतून नेले. ही युक्ती इतकी सोयीची ठरली की आजही बहुतेक हॉटेले तशीच बांधलेली दिसतात. त्यामुळे एका बाजूच्या शेजाऱ्याची आंघोळ आणि दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याचा गजर, दोन्ही आपल्या वाट्याला येतात. कॉरिडॉरच्या टोकाची खोली मिळाल्यास निदान एक शेजारी कमी होतो. मी कानात घालायचे बोळे नेहमी बॅगेत ठेवतो, आणि झोपण्यापूर्वी पलंगाजवळच्या घड्याळात आधीच्या पाहुण्याने लावलेला पहाटे चारचा गजर तसाच राहिलेला नाही ना, हे पाहतो. हसू नका; माझ्यावर हा प्रसंग दोनदा आला आहे.

एवढे करूनही पहिल्या रात्री झोप नीट लागली नाही तर स्वतःला किंवा गादीला दोष देऊ नये. झोपेचे संशोधक याला 'पहिल्या रात्रीचा परिणाम' म्हणतात आणि १९६६ पासून त्यावर शास्त्रीय लेखन होत आले आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले की, अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि वेगळ्या आवाजांना लवकर प्रतिसाद देतो. जणू एक अर्धा झोपतो आणि दुसरा राखण करतो. ती माणसे पुढच्या खेपेला त्याच जागी झोपली तेव्हा हा फरक दिसला नाही. हे वाचल्यापासून मी दोन गोष्टी बदलल्या. महत्त्वाचे काम असेल तर शक्यतो एक रात्र आधी पोहोचतो, आणि एकाच शहरात पुन्हा पुन्हा जायचे असेल तर स्वस्त पर्याय शोधत न बसता तेच हॉटेल घेतो. तुम्हाला आधी पोहोचणे या वेळी शक्य दिसत नाही. तेव्हा बैठकीची सगळी तयारी प्रवासातच संपवावी आणि खोलीत गेल्यावर लॅपटॉप उघडू नये. पडद्यांच्या मधल्या फटीतून प्रकाश येत असेल तर कपाटातले चिमट्याचे हँगर लावून पडदे एकमेकांना जोडावेत. खोली थोडी थंड ठेवावी. हालचाल टिपून वातानुकूलन बंद करणारी यंत्रे काही खोल्यांत असतात आणि स्तब्ध झोपलेला माणूस त्यांना खोलीत नसल्यासारखा वाटतो. रात्री घामाघूम होऊन जाग आली तर स्वागतकक्षाला विचारावे, हे बहुधा त्यांना बदलता येते.

कार्डाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण यावरून गैरसमज फार होतात. दरवेळी नवा संकेत देता येईल अशा कार्डाचे कुलूप नॉर्वेच्या टॉर सॉर्नेस यांनी १९७० च्या दशकात तयार केले. ते कार्ड साध्या प्लॅस्टिकचे होते आणि त्यातल्या भोकांची जागा बदलून संकेत बदलत असे. आताच्या कार्डांवर चुंबकीय पट्टी किंवा रेडिओलहरींवर चालणारी चिप असते. पाहुण्यांना वाटते की दाराचे कुलूप स्वागतकक्षातल्या संगणकाला जोडलेले आहे. पुष्कळ हॉटेलांत तसे काहीही नसते. खोली कोणती आणि मुदत कुठवर, हे कार्डावर लिहिलेले असते, आणि नव्या पाहुण्याचे कार्ड पहिल्यांदा लागले की कुलूप आधीचे कार्ड ओळखेनासे होते. यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. शेवटच्या दिवशी तुम्ही फोन करून खोली दोन तास जास्त मागितली आणि त्यांनी आनंदाने होकार दिला, तरी कुलपाला त्याचा पत्ता नसतो. बाहेर जाऊन परत आलात की दार उघडत नाही. मुदत वाढवली की कार्डही पुन्हा लिहून घ्यावे लागते. चुंबकीय पट्टीचे कार्ड फोनच्या चुंबकी पाकिटात ठेवू नये, कारण ही पट्टी वारंवार पुसून लिहायची असल्यामुळे मुद्दामच हलकी केलेली असते आणि बँकेच्या कार्डापेक्षा कितीतरी लवकर पुसली जाते. कर्मचाऱ्याने तुमचा खोली क्रमांक चारचौघांत मोठ्याने उच्चारला तर दुसरी खोली मागण्यात काहीच गैर नाही, विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी तर संकोच करूच नये.

खोलीत शिरल्यावर मी बॅग पलंगावर ठेवत नाही. ती आधी स्नानगृहातल्या फरशीवर ठेवून गादीच्या कडेची शिवण आणि पलंगाची डोक्याकडची फळी फोनच्या उजेडात पाहतो. ढेकणांचे काळे ठिपके दिसले तर तसेच खाली जाऊन खोली बदलून घ्यायची. १३ वर्षांत अशी वेळ एकदाच आली, आणि ते हॉटेल दिसायला सर्वांत झगमगीत होते. त्यानंतर कॉरिडॉरमध्ये येऊन आपत्कालीन जिन्यापर्यंत किती दारे लागतात ते मोजतो. १९८० साली लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली ती तळमजल्यावर, आणि तीत ८५ माणसे गेली. त्यांतली बहुतेक धुराने गुदमरली आणि कित्येक जण आगीपासून पुष्कळ वरच्या मजल्यांवर होते. धुरात पाटी दिसत नाही. मोजलेली दारे हाताने चाचपत जाता येते.

वायफाय, टेबल, इस्त्री, व्यायामशाळा यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वायफायला जोडूनही काहीच उघडत नसेल तर बहुधा हॉटेलचे प्रवेशपान समोर आलेले नसते; एकदा जोडणी तोडून पुन्हा जोडली की ते येते. खोलीतली तिजोरी मोबाइल आणि पारपत्रासाठी ठीक आहे, पण पाहुणे संकेत विसरतात म्हणून ती उघडण्याची सोय हॉटेलकडेही असते हे लक्षात ठेवावे. न्याहारीला कार्यालये सुरू होण्याआधीच्या तासाभरात झुंबड उडते, म्हणून बैठकीच्या दिवशी लवकर जावे.

बिलाचा विषय मात्र असा थोडक्यात उरकता येत नाही, कारण कामाच्या मुक्कामात हॉटेल सोडल्यावरही ते महिनाभर पाठ सोडत नाही. कंपनीचे नोंदणीकृत नाव, पत्ता आणि कर क्रमांक पहिल्या रात्रीच द्यावा, कागदावर लिहून द्यावा. एकदा बिल तयार होऊन बंद झाले की त्यावरचे नाव बदलणे लेखा विभागाच्या हाती जाते आणि आपण ईमेल लिहीत बसतो. भाडे कंपनी भरणार आणि इतर खर्च तुम्ही भरणार असे असेल तर दोन वेगळी खाती उघडायला सांगावे. चेक-इनच्या वेळी ते तुमच्या कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात, ती खरेदी नसते; पण डेबिट कार्ड दिले तर तेवढे पैसे खात्यात असूनही वापरता येत नाहीत आणि मोकळे व्हायला पुढे कित्येक दिवस लागू शकतात. म्हणून तिथे क्रेडिट कार्ड द्यावे. मिनीबारमधल्या वस्तू हलवून स्वतःची बाटली ठेवायचा मोहही टाळावा, कारण काही मिनीबारांत वस्तू उचलली गेल्याची नोंद आपोआप होते. माझ्या बिलावर एकदा मी न प्यालेली तीन पेये अशीच चढली होती. ती काढून टाकायला दोन मिनिटे लागली, परंतु ती दोन मिनिटे मला मिळाली याचे कारण मी बिल आदल्या रात्री मागवले होते. सकाळी साडेसातला स्वागतकक्षासमोर दहा माणसे बॅगा घेऊन उभी असतात, प्रत्येकाची गाडी बाहेर थांबलेली असते आणि कुणीही बिल वाचत नाही. चौथ्या रात्री जेवण झाल्यावर तात्पुरते बिल मागून शांतपणे वाचावे. चूक सापडली तर ती करणारा कर्मचारीही तेव्हा बहुधा तिथेच असतो.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या संध्याकाळी खोलीत फार एकटे वाटते. सगळे स्वच्छ असते, टॉवेलच्या घड्या नीट असतात, आणि तरीही आपण इथे कुणाचेच पाहुणे नाही असे वाटत राहते. नव्या सहकाऱ्यांना मी सांगतो की, त्या संध्याकाळी खोलीतच जेवण मागवू नये, खाली जाऊन बसावे. ज्या हॉटेलाने मला त्या रात्री दुसरीकडे पाठवले, तिथेच मी पुढे अनेकदा राहिलो. तो तरुण अजून रात्रपाळीला असतो, फक्त आता त्याच्या हाताखाली दोन जण आहेत. मी उशिराच येणार हे त्याला ठाऊक आहे; तरीही मी फोन करतोच, आणि तो "टोकाचीच खोली ना?" एवढे विचारून ठेवून देतो.

निघताना स्नानगृहाच्या दारामागचा हुक आणि पलंगामागचा विजेचा बोर्ड, ही दोन ठिकाणे पाहावीत. माझे तीन चार्जर त्या बोर्डांवर राहिले आहेत.